त्याच पानावरचं कापड

तुम्हाला सांगते, आमच्या चर्चमधला एक नियम मी लहानपणापासून ऐकतेय: बाईने पॅन्ट घालून बायबल वाचायला उभं राहायचं नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही. गेल्या रविवारी वाचनाची पाळी माझी होती. काल्हेरच्या गोदामातली शिफ्ट संपवून मी तशीच जीन्सवर पोहोचले, तर उपासनेआधीच चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी मला बाजूला घेतलं. त्यातले थोरले शमुवेलकाका, नारपोलीचे लूमवाले.

"पोरी, बाईने पुरुषाचे कपडे घालू नयेत, असं जुन्या करारात साफ लिहिलंय. साडी नेसून ये, नाहीतर आज दुसरं कोणी वाचेल."

"काका, तेव्हा पॅन्ट होती कोणाकडे? पुरुषही झगेच घालायचे."

"देवाचा शब्द आहे. त्याला तेव्हा आणि आता नसतं."

मी तेच पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "मग इथून थोडं खाली वाचा."

काकांनी चष्मा चढवला. लोकर आणि जवसाचा धागा एकत्र विणलेलं कापड अंगावर घालायचं नाही, असं तिथे होतं. काकांच्या लूमवर बाराही महिने पॉलिस्टर-कॉटन मिक्स कापड निघतं.

"अगं, ते त्या वेळच्या लोकांसाठी," काका म्हणाले. "त्यांच्या चालीरीती वेगळ्या होत्या. ते आज कसं लागू होईल?"

"मी तरी दुसरं काय म्हणतेय? साडी मी नेसणार नाही, आणि आज वाचणार मीच."

बाकीचे पंच आपापल्या जागी जाऊन बसले. शमुवेलकाका तेवढे स्वतःच्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघत होते.