अक्काच्या फळ्यावरची चूक

तुम्ही बघतच आहात, अक्का गेल्यापासून मी कुणावरही भडकतो. काल तर सुमावर भडकलो, अक्काच्याच पोरीवर.

अक्का कॉलेजात गणित शिकवायची, आणि सुमाही तेच शिकतेय. त्यांच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरात जेवणाच्या टेबलाजवळ फळा आहे. हॉस्पिटलात जायच्या सकाळी अक्कानं त्यावर एक गणित लिहिलं होतं. तिचं शेवटचं अक्षर, म्हणून मी कुणाला हात लावू देत नव्हतो. सुमानं तेव्हापासून पुस्तक उघडलं नव्हतं. कॉलेज सोडते म्हणायची.

काल गेलो तर ही फडकं घेऊन फळ्यासमोर! मी ओरडलो, "ए, आईला पुसतेस?"

"मामा, तिसरी ओळ चुकलीये."

"अय्यो! अक्का चुकेल?"

"मुद्दाम चुकायची. रोज सकाळी एक चूक ठेवून जायची आणि मी ती शोधायची. ही आज सापडली."

तिनं तेवढंच पुसून नीट लिहिलं आणि खाली बसून ढसाढसा रडली. मीही रडलो. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या कॉलेजला जाते. पण हा फळा असा गप्प नको. आता चूक मी ठेवते, तू शोध."

"मी सातवी नापास गं!"

आज सकाळी बघतो तर फळ्यावर पाढा. मी दारातूनच ओरडलो, "सात आठे छप्पन्न! चोपन्न नाही!"

पायात चपला चढवता चढवता ती अगदी अक्काच्या आवाजात म्हणाली, "घाई करू नको. अजून एक आहे."