सिस्टरबाई आणि चाकांवरचं कपाट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून या सभागृहात जमलो त्या सत्कारमूर्ती सिस्टरबाई, त्यांची कन्या, म्हणजे सोमवारपासूनच्या आपल्या नव्या सिस्टर, ज्यांच्या गॅरेजात मी काम करतो ते माझे काका, मी काही वेडंवाकडं बोललो तर खोकायचं असं ठरवून पुढच्या रांगेत बसलेली माझी काकू, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. भांडणाची आहे. कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं ते प्राचार्यांच्या दालनात आवाज चढवूनच. त्यामुळे आज अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकांवर जी कुजबुज झाली, ती मी ऐकली. काळजी करू नका. आज मी लिहून आणलंय.

सिस्टरबाईंच्या सेवेबद्दल माझ्या आधीचे वक्ते बोलले. वरच्या वस्त्यांमधली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्माला आली, हे खरंच आहे. पण मी त्यांच्या गाडीबद्दल बोलणार आहे. कारण ही बाई रोगी माणसाला जितकी कडक, तितकीच त्या गाडीला हळवी!

गाडी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जुनी विलायती स्टेशन वॅगन. पुढून मोटार, मागून लाकडी चौकटीची. गावाने तिला नाव दिलं, चाकांवरचं कपाट. सिस्टरबाईंच्या यजमानांनी ती हौसेने घेतली होती. ते गेले, आणि हौसेची गाडी रोजच्या कामाला जुंपली गेली. मागे पेट्या, मलमपट्टीचे डबे, वजनकाटा, आणि परतीच्या वाटेवर एखादी अवघडलेली बाई. ही गाडी रविवारी पुसून उन्हात उभी करायची. तिने रोज चढ चढायचा म्हणजे काय थट्टा आहे?

आणि गाडीला काही झालं की सिस्टरबाई स्वतः उपचार करायच्या. रेडिएटरची नळी गळायला लागली, तर तिला बँडेज. दार खडखडलं, तर फटीत कापूस. मागच्या खिडकीच्या लाकडात एकदा चक्क अळंबी उगवली, तर यांनी तिथे जंतुनाशक लावून वर तारीख टाकली! काका म्हणाले, "सिस्टरबाई, ही गाडी आहे, वॉर्ड नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर आला असता तर मला हात लावावा लागला नसता."

गेल्या वर्षी सिस्टरबाईंच्या निवृत्तीची गोष्ट निघाली. वरच्या वस्त्यांवरची ही रोजची फेरी पुढे त्यांच्या कन्येनेच चालवावी असं केंद्राच्या मनात होतं. पण अध्यक्ष महोदय, तुम्ही सभेत स्पष्ट सांगितलंत, की गाडी रोजच्या भरवशाची होणार असेल तर फेरी राहील, नाहीतर बंद. वाटेत अडकलेली नर्स काय कामाची? तुमचं चुकलं नव्हतं. मी तेव्हा तुम्हाला बाहेर व्हरांड्यात जे बोललो, ते रागात बोललो.

फेरी बंद झाली असती तर कन्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जाणार होत्या. तिथून बोलावणंही आलं होतं. आता, फेरी बंद होऊ नये असं वरच्या वस्त्यांना वाटत होतं. सिस्टरबाईंना वाटत होतं. डॉक्टरसाहेबांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मला जरा जास्त वाटत होतं.

(काकू, तो खोकला खरा आहे की ठरलेला?)

तर आम्ही गाडी उघडली. काकांची कामाची पद्धत अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग आठवडाभर चालवून बघायची, मगच दुसरी. माझा कुठे तेवढा धीर! मी म्हटलं, "काका, तोवर ती गेलेली असेल." काका म्हणाले, "कोण, गाडी?" मी पाना शोधायला लागलो. पण त्यांनी मला मोकळीक दिली.

आम्ही रेडिएटरच्या आतल्या नळ्या नव्या केल्या. कापडाच्या आवरणाची जुनी वायरिंग हातात घेताच भुगा व्हायची, ती सगळी काढली. या जुन्या गाड्यांमध्ये बॅटरी जोडायची तऱ्हाही उलटी असते, ती सुलट केली. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, म्हणजे हेडलाइट लावले की वायपर मरायचे ते थांबलं. ब्रेक नवे केले. सुताराने कुजलेलं लाकूड कापून नवं बसवलं. गाडी अशी सुरू व्हायला लागली, की चावी फिरवली आणि हजर.

आणि तरीही ती बंद पडायची!

गावात नाही. गॅरेजच्या दारात तर मुळीच नाही. लाकडाच्या वखारीच्या पुढे चढ लागला, की आचके द्यायची आणि गप्प. कन्या तेव्हा आईबरोबर फेरीला जायच्या; त्यांचाच मला फोन यायचा. मी मोटरसायकल काढून धावत पोहोचेपर्यंत गाडी पुन्हा सुरू झालेली असायची आणि कन्या टपाला टेकून उभ्या.

"आलात का मेकॅनिकसाहेब? तुम्हाला बघूनच सुरू झाली हो ती."

"चेष्टा पुरे. काय झालं होतं?"

"तेच मी तुला विचारतेय ना!"

कधी आठवडाभर काही नाही, मग दोन दिवस लागोपाठ तेच. मी पेट्रोलचा पंप बदलला. कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला, की त्याचे स्क्रू मला ओळखायला लागले. शेवटी कन्या म्हणाल्या, "हे बघ, तू खूप केलंस. पण मला सोमवारी शहरात हो किंवा नाही कळवायचंय. आणि अशा गाडीच्या भरवशावर मी कुणाच्या बाळंतपणाला नाही म्हणू शकत नाही, हो पण म्हणू शकत नाही." मी पाना भिंतीवर फेकला आणि म्हटलं, "जाळून टाका ते कपाट!" काका खालच्या आवाजात म्हणाले, "आधी पाना उचल. भिंतीने काही केलेलं नाही."

त्या रविवारी शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही तिघं निघालो. मी चालवत होतो, शेजारी सिस्टरबाई, मागे पेट्यांमध्ये कन्या. वखार गेली, चढ आला आणि गाडी आचके देऊन थांबली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सिस्टरबाई म्हणाल्या, "थांब जरा, दम लागलाय तिला." कन्येला वाटलं, पेट्रोलच संपलं असेल. ती डबा घेऊन उतरली आणि तिने टाकीचं झाकण फिरवलं.

आतून आवाज आला. सीऽऽऽ. लांबलचक.

"अरे, हिने श्वास घेतला!" ती ओरडली.

मी धावलो. झाकण तिच्या हातातून घेतलं, उलटं केलं. आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी. जखमेवर लावतात ती. गोल कापलेली, कडा दाबून बसवलेली, इतकी सुबक, की ती कुणाची करणी हे विचारायची गरजच नव्हती.

तरी मी विचारलं, "हे काय आहे?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "काय म्हणजे? भोक होतं तिथे. बारीक. पेट्रोलचा वास आत यायचा, बँडेजच्या डब्यांना लागायचा. भोक उघडं कसं ठेवायचं?"

"कधीपासून?"

"ही माझ्याबरोबर फेरीला यायला लागली तेव्हापासून. पट्टी सुटते रे पेट्रोलने. सुटली की मी नवी लावते."

म्हणजे पट्टी सुटेल तो आठवडा गाडी चालायची, आणि ड्रेसिंग बदललं की बंद पडायची! पंपावरचा माणूस झाकण टपावर ठेवतो आणि परत लावतो. आतून कोण बघतं?

मी समजावायला तोंड उघडलं, की टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल अडतं. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टरबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! म्हणजे सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचायची राहिली, तसं?"

अगदी तसं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्यांना न चुकता सुई टोचणाऱ्या बाईंनी स्वतःच्या गाडीचं नाक बंद केलं होतं.

मी हसणार होतो. पण त्या गाडीच्या मागच्या फळीवर बसल्या आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "तुझं डोकं दुखायचं ना त्या वासाने. मला वाटलं, कंटाळून तू सोडून जाशील."

 लेकीने ती पट्टी नखाने सोलून काढली. मी इंजिनात बघायला गेलो. इंजिनात बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाकीकडे जाणारी रबरी नळी बघितली. बारीक चिरली होती, वास तिथून यायचा, आणि थांबलेली गाडी थोड्या वेळाने सुरू व्हायची तीही तिथूनच झिरपलेल्या हवेने. ती बदलली. आता वासही नाही आणि आचकाही नाही. त्या रविवारपासून आजपर्यंत ती गाडी वाटेत एकदाही थांबलेली नाही. अध्यक्ष महोदय, तुम्ही स्वतः तिच्यात बसून वरपर्यंत जाऊन आलात, आणि उतरल्यावर माझ्या पाठीवर थाप मारलीत. शहरात नकार कळवला गेला. मी त्या रात्री किती शांत झोपलो म्हणून सांगू!

पण मंडळी, एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. गाडी बंद पडायची तेव्हा मला फोन यायचा. आता कशाला येईल? मी माझ्या हाताने माझाच फोन बंद करून ठेवला होता. महिनाभर गॅरेजच्या दारातून ते कपाट ऐटीत जाताना बघत बसलो. काका म्हणायचे, "काय रे, चांगली चालतेय ना?" मी म्हणायचो, "फारच."

आणि मागच्या आठवड्यात ती गॅरेजमध्ये आली. चालत. मी घाबरलो.

"काय झालं? कुठे थांबली?"

"कुठे नाही. छान आहे गाडी."

"मग?"

"मग काय? गाडी बिघडल्याशिवाय इथे यायचं नाही, अशी पाटी लावलीयस का?"

काकांना तेव्हाच नेमकं मागच्या शेडमध्ये काम निघालं.

असो. अध्यक्ष महोदय घड्याळ बघतायत. सिस्टरबाई, तुम्ही आता निवांत बसा. कपाटाची काळजी आमच्याकडे. आयोजकांनी मला बोलू दिलं, डॉक्टरसाहेबांनी गाडीला संधी दिली, सुतारकाकांनी लाकूड जपलं आणि तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात आदर राखायचा तिथे एकेरीवर घसरलो असेन, झाकण उघडू नये ते उघडलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि सिस्टरबाई, एक शेवटचं. येत्या रविवारी काका, काकू आणि मी तुमच्या घरी येतोय. गाडीचं काही काम नाही. हे भर सभेत सांग, म्हणजे आईला लगेच ओरडता येणार नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. कोणी सांगितलं ते कृपया इथे विचारू नका. ती तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली आहे.

धन्यवाद.