रक्ताचं माणूस

मावशी : म्हणजे याही खेपेला नाही सांगणार?

डॉक्टर : मावशी, रिपोर्ट कुठे पळून जातोय? घरचं कोणी आणा, सगळं नीट समजावून सांगतो.

मावशी : मागच्या आठवड्यात शेजारणीला आणलं होतं की.

डॉक्टर : त्या शेजारच्या. रक्ताचं माणूस हवं.

मावशी : रक्ताचं? होतं नव्हतं ते तुमच्या सिस्टरनी सुया टोचून काढून घेतलं!

डॉक्टर : भाऊ, भाचा, कोणीतरी असेलच ना?

मावशी : भाऊ गेला. भाचा फोन उचलत नाही. लग्न मी केलं नाही, लोकांच्या लेकींच्या लग्नाचे कपडे तेवढे शिवले.

डॉक्टर : अहो, एकट्या माणसाला असं सांगत नाहीत. धक्का बसतो.

मावशी : आलं ना पोटातलं ओठावर! चांगल्या रिपोर्टचा कधी धक्का बसतो का?

डॉक्टर : तसं नाही म्हणालो मी...

मावशी : तसंच आहे. बाहेर बाकावर बसून बघते ना मी. ज्याचं बरं असतं त्याला दारातच ‘जा घरी’ म्हणता. बरं नसलं की मुलाला आत बोलावता, आणि आई बाहेर पिशव्या सांभाळत बसते.

डॉक्टर : माझ्या आईलाही आम्ही सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत.

मावशी : तिनं विचारलं नाही?

डॉक्टर : रोज विचारायची.

मावशी : मग भरल्या घरात एकटीच होती की हो ती.

(डॉक्टर समोरची फाईल मिटून बाजूला ठेवतात.)

मावशी : चुकलं माझं. जीभ आवरत नाही. पण अंग माझं, दुखणं माझं, आणि बातमी तेवढी दुसऱ्याची? मला घर आवरायचंय, शिवणयंत्र चांगल्या हाती द्यायचंय. सांगा हो.

(डॉक्टर दार लावतात. खुर्ची ओढून मावशींच्या शेजारी बसतात.)

डॉक्टर : कॅन्सर आहे, मावशी. पोटात सुरू झाला, आता यकृतातही पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही.

मावशी : किती दिवस?

डॉक्टर : काही महिने. नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण तुम्हाला दुखू नये, ते माझ्याकडे लागलं.

मावशी : बरं. बरं झालं सांगितलंत.

डॉक्टर : घरी सोडायला कोणाला तरी पाठवू?

मावशी : नको, जाईन मी. थोडा वेळ इथेच बसू का?

डॉक्टर : बसा की.

मावशी : घरी हे कोणालाच माहीत नसणार. तुम्हाला निदान माहीत तरी आहे.