उजवा कौल

नाही नाही, पाकळी उजवीच पडली — निदान मला तसं आठवतं, पण माझ्या आठवणीवर पैज लावू नका, परवाच मी आमच्या जावयाला स्वतःची ओळख दोनदा करून दिली. तुम्ही मघाशी म्हणालात ना, जनतेचा कौल? आमच्याकडे कौल देव देतो. रवळनाथाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा — उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. आणि उजवी कुणाची? देवाची, आपली नव्हे! बसा हो, तुमच्या गाडीला वेळ आहे.

तर त्या लोकसभेला डावी आघाडी बहुमताला एकाने कमी, उजवी आघाडी एकाने कमी, आणि मध्ये आमचा अपक्ष सत्यवान — माझा विद्यार्थी, राज्यशास्त्राचा! दोन्हीकडचे पुढारी देवळाबाहेर मोटारी लावून बसलेले. सत्यवान म्हणाला, ‘सर, मी देवाक इचारतलंय.’ मी म्हटलं, विचार, पण नेमकं विचार — डाव्यांना पाठिंबा देऊ का? गुरव दाजी गाऱ्हाणं घालतोय, आपला प्रश्न देवाच्या कानी घालतोय, आणि मी मागे गर्दीत, ढोलांपुढे एक अक्षर कळेना. उजवी पडली. म्हणजे हो. म्हणजे डावे! आणि सत्यवान बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे ओरडला — ‘देवान उजवो कौल दिल्यान!’

झालं! उजव्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. डाव्यांनी आपले पेढे मुकाट्यानं त्यांनाच देऊन टाकले. मी एका वाहिनीच्या मुलीला समजावतोय — अगं, उजवा म्हणजे हो, हो म्हणजे डावा — तर ती म्हणते, ‘म्हणजे आजोबा, तुम्ही मध्यममार्गी?’ तिकडे दिल्लीत उजव्यांचं सरकार आलं, इकडे गावात दोन तट — सत्यवान देवाशी खोटा वागला की नाही? पालखीला खांदा देऊ देईनात त्याला. आणि माझी झोप उडाली — कारण खोटा नसेल तर ढ आहे, आणि ढ असेल तर डावं-उजवं शिकवलं कुणी? मीच ना! यातलं बरं कुठलं, सांगा — नको, नका सांगू.

आली, आली गाडी — चढा लवकर, नांदगावला ती फार थांबत नाही! पिशवी घ्या! बऱ्याच वर्षांनी मी दाजीलाच गाठलं, देवासमोर उभं करून विचारलं. तो म्हणाला, ‘पाठिंब्याचा नाव खंय काढल्यान? दिल्लीक जावक पयल्यांदाच विमानात बसतंय, सुखरूप पोचतलंय मां — इतक्याच इचारल्यान.’