दहांतले आठच लढतात

दाताच्या दवाखान्यात दुखरी दाढ जिभेने चाचपत आजी बसल्या होत्या. कान मात्र समोरच्या दोघींकडे होते.

“बाई, बरं झालं इथेच भेटलात. माझ्या लेकीचं नाव काढा तुमच्या त्या खेळाच्या वर्गातून.”

“का हो?”

“बोटाएवढे सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडून लढवायचे. त्यानं गणित सुधारतं म्हणालात. पोरगी दर शनिवारी हरून येते!”

“गणित पक्कं आहे तिचं. पट्टी न लावता अंतर सांगते.”

“मग घोडं पेंड खातं कुठं?”

“तिचे सैनिक दहा आहेत, पण ती लढवते आठच.”

“आणि बाकीचे दोघं काय माश्या मारतात?”

“एकाचा चेहरा रंगवताना ब्रश घसरला. तो घाबरलाय म्हणते, म्हणून त्याला मागे ठेवते.”

“अन् दुसरा?”

“मीही तेच विचारलं. म्हणाली, घाबरलेल्याजवळ कुणीतरी बसायला नको का?”

“आजी, चला, तुमचा नंबर आला,” दवाखान्यातली मदतनीस म्हणाली.

“थांब गं जरा! दाढ काही पळून जात नाही.”

“बाई,” आई हळूच म्हणाली, “शनिवारी मी तिला दारातच सोडून जाते. आत येऊन बसले तर चालेल?”