राखेचं रिंगण

चिखलीच्या स्टँडवर धम्मशीला धाडच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर दोन म्हातारी माणसं गावातलं संग्रहालय पाहून येऊन टेकली होती. त्यांचं बोलणं सुरू झालं आणि तिचा मोबाइल हातातच राहिला.

“सिंधूताई, तो काचेतला बॉम्ब खरंच तुमच्या खळ्यात पडला होता?”

“हाव ना, उकंडराव. इंग्रजाच्या राज्यात मोठी लढाई चालू होती तवा. शिकाऊ विमानवाला होता. मायनं नजर लागू नये म्हून जवारीच्या राशीभोवती राखेचं रिंगण काढलं, अन् त्याले वरून वाटलं, हाच आपला निशाणा.”

“बाप्पा! मंग?”

“सरावाचा बॉम्ब, नुसता धूर अन् ठिणग्या निघाल्या. सारे पळाले. मायनं एकटीनं ओली पोती टाकून रास वाचवली.”

“अन् तो पोरगा?”

“दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याले खळ्यावर आणलं. मान खाली घालून उभा. माय म्हणे, साहेब, पोराचा नेम बरोबर हाय, रिंगण मीच काढलं होतं. त्याले कायले रागावता?”

“वा! पण तिथं पाटीवर लिहेल हाय, वैमानिकाचं नाव माहीत नाही.”

“मायले माहीत होतं. जाताना पाया पडून सांगितलं त्यानं.”

“मंग संग्रहालयवाल्यायले सांगितलं काऊन नाही?”

“तीनदा आले ते. दरवेळेस माय म्हणे, म्हातारपण हाय बाप्पा, आठवत नाही.”

“तुमाले तरी सांगितलं असंल?”

“सांगितलं ना, मरायच्या आधी.”

“काय होतं मंग?”

धाडची गाडी लागली. धम्मशीला उठली नाही.

“मलेबी आता आठवत नाही, उकंडराव.”