खंड्याचे कागद

शेवटच्या साध्या दिवशी दादांनी लेकीला, मधुवंतीला, फोनवर आपल्या कुत्र्याबद्दल विचारलं होतं, "खंड्याला तुझ्याकडे जर्मनीत आणायचं तर काय काय लागतं गं?" तिनं नियम सांगितले, त्यांनी ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले.

आता तेच कॅलेंडरचं पान घेऊन ती खंड्यासह कोल्हापुरात जनावरांच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी कुत्रं घेतलेले कागलचे एक म्हातारबाबा आणि शेळी घेऊन आलेली हुपरीची बाई बोलत होते.

"कुत्र्याला काय झालंय, आबा?"

"काय न्हाय. हॉलंडला निघालंय. लेकीकडं."

"इमानानं?"

"व्हय की. आधी मानंत चिप बसवायची, मग रेबीजची सुई. आमी सुई आधी टोचली. ती धरत न्हाईत म्हणं. परत पयल्यापास्नं."

"आगं बया! मग लगीच जातंय?"

"कुटलं! म्हैन्यानं रगात तपासायचं. वर आनि तीन म्हैनं थांबायचं."

"आन तुमी?"

"मला कशाला सुई?"

"तसं न्हाय वं! तुमी न्हाय का जानार लेकीकडं?"

"तिनं कुटं बोलीवलंय?"

"मग आपनच इचारायचं की!"

"इचारलं की. कुत्र्याला आणायचं तर काय लागतंय, म्हणून इचारलं."

"मग?"

"कुत्र्याचं समदं सांगितलं तिनं."

मधुवंतीनं हातातलं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

"दादा," पानावरच्या त्यांच्या अक्षराकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्हीपण चला ना माझ्याकडे."